मन्सूराच्या माणसाचा शुक्रवार

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर मला वाईट वाटेल," असं म्हणून उस्ता मुतवल्लीनं चहाचा पेला टेबलावर ठेवला. "पण गेल्याच्या आधीच्या शुक्रवारी, भर दुपारी, दोन आणि तीनच्या मध्ये, मी मेलो होतो."

डॉमिनोच्या सोंगट्या आपटायच्या थांबल्या. हाजी शलबी न्हाव्यानं हुक्क्याची नळी तोंडातून न काढताच विचारलं, "मग आत्ता चहा कोण पितोय?"

लोक हसले. या हसण्यावर मुतवल्ली चाळीस वर्षं जगला होता. दुमियातमध्ये तसे हजारभर सुतार. अर्ध्या इजिप्तमधली नवी जोडपी ज्या पलंगांवर पहिल्यांदा पाठ टेकतात ते पलंग याच गावात बनतात, आणि उशाकडच्या फळीवर गुलाब कोरावेत तर ते उस्ता मुतवल्लीनंच, हे कुणीही सांगेल. पण गुलाब कोरणारे आणखीही होते. निव्वळ जिभेवर अख्खा कहवाखाना तासभर खिळवून ठेवणारा तो एकटा. त्याच्या दहा वाक्यांतली अकरा खोटी असतात, असं शलबी म्हणायचा आणि तरीही खुर्ची सगळ्यांच्या पुढे ओढायचा. आज मात्र ते हसू अंगावर पडलं तसं घसरून खाली गेलं. समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याकडे त्यानं पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. हिरव्या झडपा बोटभर उघड्या होत्या, आणि त्यांच्यामागे त्याची बायको इनशिराह बसली होती, पायाशी भरलेली बॅग घेऊन. सकाळी त्याच्यापुढे उसळ आणि भाकरी ठेवून ती म्हणाली होती, "उस्ता, तीन वर्षं तुम्ही चौकात खोटं बोललात, मी हसले. घरातही खोटं बोलत होतात, ते मला कळलं नाही. आज एकदा चौकात खरं बोला. त्या दिवशी जे झालं ते माझ्या पायगुणानं नाही, तुमच्या सुईनं झालं, एवढंच. मी झडपेमागे ऐकत बसते. खरं ऐकू आलं तर उद्याचं बदक चुलीवर चढेल. नाही आलं, तर बाराची गाडी आहे रास-अल-बरची. बहीण वाट बघतेय." आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर त्याला काहीतरी सुचलं असतं.

"बरं, मेलास," बदीर म्हणाला. हा पॉलिशवाला, त्याची नखं जन्माची तपकिरी. "पुढं?"

"पुढं काय, मौतीचा फरिश्ता आला. अज्राईल. पंख होते, पण पांढरे नाहीत रे, करडे. आणि चालत होता फताडे पाय टाकत. बदकासारखा."

हे असं तोंडातून निघून गेलं. खरं बोलायला बसलेल्या माणसाच्या तोंडातून अज्राईल कसा निघाला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. जीभ आपल्या सवयीच्या गल्लीत वळली. पण बदक खोटं नव्हतं. बदक होतंच त्या दुपारी. कांदा आणि मिरी भरलेलं, मोठ्या पातेल्यात मंद शिजणारं, घरभर त्याचा चरबट वास पसरलेला. नमाज आटोपून तो नेहमीप्रमाणे आधी कारखान्यात गेला होता. सुट्टीच्या दिवशी कारखाना म्हणजे भुसा आणि शांतता. सरसाच्या डब्यांमागे ठेवलेलं ते इन्सुलिनचं पेनासारखं इंजेक्शन त्यानं काढलं, झगा वर केला, मांडीत सुई टोचली. शुक्रवारचा डोस जरा जास्त, कारण शुक्रवारचं जेवण जास्त. नऊ वर्षं हे चाललं होतं, त्यातली तीन इनशिराहच्या नकळत. मग घरी आला तर ती दारातच हसत उभी. "बदक म्हातारं निघालं हो. अजून तासभर तरी दात लागू देणार नाही." कपाळावर वाफेनं चिकटलेले केस, हाताला कांद्याचा वास. रस्ता रिकामा, पंखा घरघरतोय, झडपांमधून उन्हाच्या पट्ट्या पलंगावर पडलेल्या, आणि हाताशी एक मोकळा तास. सुई आत गेलेली आहे, घास अजून नाही, एवढा हिशेब कुठलाही पोर करू शकला असता. पण त्या वयात असा तास हाताशी आला की माणूस हिशेब करत नाही. हिशेब करायची बुद्धी शाबूत असेल तर तो तास आलेलाच नसतो.

आणि मग ती थरथर. तीही ओळखीचीच होती. तीन वर्षांत कितीतरी शुक्रवारी त्याचे हात तसे थरथरले होते, पाठीवरून घाम असाच ओघळला होता, छाती अशीच आतून ठोकत होती, बंद कपाटात कुणी अडकावं तशी. तो त्या थरथरीवर खूश असायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं लग्न केलेला विधुर, आणि हात विशीतल्या पोरासारखे कापतात! इनशिराह त्याचे हात आपल्या हातांत धरून ठेवायची आणि काही बोलायची नाही. पण तिच्या तोंडावर जे यायचं ते त्यानं एका फळीवर कोरायचा प्रयत्न केला होता, गुलाबाच्या पाकळ्यांमध्ये, आणि जमलं नव्हतं. त्या दुपारी थरथर थांबली नाही, एवढाच फरक. ओठ बधिरले. उशाकडचे गुलाब हळूहळू एकमेकांत शिरू लागले. त्याला वाटलं, काहीतरी खावं. पण आधी अंघोळ. ते झाल्यावर अंघोळीशिवाय ताटावर बसायचं नाही हे आईनं नव्हे, बापानं नव्हे, कुणीच शिकवलेलं नाही, हाडातच असतं. त्यात अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, बांग व्हायची वेळ आलेली. इनशिराह म्हणाली, "खजूर तरी तोंडात टाका, चेहरा बघा कसा झालाय." तो म्हणाला, "आधी अंघोळ, मग बदक." कडकडीत पाणी. त्या पाण्याखाली आपला पाय आपला नाही असं वाटलं, आणि मग वाफेत काहीतरी करडं, पिसांचं, फताड्या पायांचं जवळ आलं.

"मी त्याला म्हणालो," मुतवल्लीचा आवाज कहवाखान्यात चालूच होता, जणू दुसऱ्याच कुणाचा, "म्हटलं, अज्राईलसाहेब, तांताकडच्या एका सरपंचाच्या मुलीचा पलंग अर्धा कोरून पडलाय. तिचं लग्न मोडलं तर बददुआ कुणाला लागेल, मला की तुम्हाला? तो विचारात पडला. म्हणाला, किती गुलाब राहिलेत? मी म्हटलं, सात."

"सात!" बदीरनं मांडीवर थाप मारली. "अरे, तू एका गुलाबाला आठवडा लावतोस."

"म्हणून तर सात सांगितले."

हशा उसळला आणि शलबी न्हाव्याला चेव आला. वाईट माणूस नव्हता तो. बांगेला उठणारा, मयताची दाढी फुकट करणारा. पण चांगलं वाक्य सुचलं की ते गिळायची ताकद त्याच्यात नव्हती. नळी बाजूला करून तो म्हणाला, "पण एक सांग मुतवल्ली, अज्राईलला तुझ्या घराचा पत्ता विचारावा लागला नसेल. त्या बाईच्या उशाशी तो आधीही येऊन गेलाय ना? एकदा घर बघितलेला पाहुणा!"

या वेळी हसणं अर्ध्यावरच थांबलं. वरची झडप हलली, किंवा वाऱ्यानं हलली. इनशिराहचा पहिला नवरा झोपेतच गेला होता, तिच्या शेजारी, लग्नाला चार वर्षं झाली असताना. सकाळी तिनं चहा आणला तेव्हा नवरा गार पडलेला. काळीज कमजोर होतं म्हणे, पण गल्लीला काळजाशी काय देणंघेणं. गल्लीनं तिचे पाय पाहिले. पांढऱ्या पायाची. अकरा वर्षं ती भावाच्या घरी कुणाच्या डोळ्यांवर न येता राहिली. मुतवल्लीनं मागणी घातली तेव्हा भावानं एकच विचारलं होतं, "उस्ता, तब्येत? तिच्या नशिबात पुन्हा तेच नको." आणि मुतवल्लीनं छाती ठोकून सांगितलं होतं, "बीचच्या झाडाचं लाकूड आहे मी. आतून एक कीड नाही." सांगताना खिशात सुई होती. लाकडाची कीड त्याच्याइतकी कोण ओळखतं? वरून फळी गुळगुळीत, आणि कान लावला की आत बारीक कुरतडणं. लग्नाच्या पलंगाला त्यानं उशाच्या फळीत एक चोरकप्पा केला, डावीकडून तिसऱ्या गुलाबाची पाकळी दाबली की उघडणारा. आत साखरेचे खडे, कधी जास्तीची सुई. त्याच्या साऱ्या आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम, आणि कुणाला दाखवता येईना. तीन वर्षं पलंगाच्या उशाशी मुंग्यांची रांग लागायची, आणि तीन वर्षं इनशिराह बिचारी फळी पुसायची, आपल्याच साफसफाईला दोष द्यायची.

त्या दुपारी ती उघड्या डोक्यानं जिन्यात धावली होती, किंचाळत. सगळ्या गल्लीनं पाहिलं. औषधाच्या दुकानातला बासिली तीन तीन पायऱ्या चढत आला, मुतवल्लीचं बोट टोचलं, यंत्रात बघितलं. साखर फक्त एकेचाळीस. शिरेतून साखर दिली. आणि हात पुसत अगदी सहज विचारलं, "वहिनी, आजची सुई किती वाजता घेतली यांनी?" इनशिराह म्हणाली, "कसली सुई?" मुतवल्लीला शुद्ध येत होती ती नेमकी त्या दोन शब्दांवर. पाण्याचा वास, बदक करपल्याचा वास, आणि कसली सुई. मरण म्हणतात ते असं काहीतरी असेल तर ते त्याला आधीच्या अंधारात नाही, या उजेडात भेटलं.

त्यानंतर ती ओरडली नाही. बाहेरच्या सोफ्याची गादी तिनं त्याला दिली आणि आतलं दार लोटून घेतलं. तिसऱ्या दिवशी ताट ठेवताना विचारलं, "तीन वर्षं तुमचे हात कापायचे. छाती माझ्या कानांत वाजायची. मला वाटायचं..." तिनं भाकरी ताटात ठेवली. "ते माझं होतं, की साखरेचं?" चाळीस वर्षं कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे तीन तरी उत्तरं तयार असायची. या प्रश्नाला एकही खोटं सुचलं नाही, आणि खरं त्याला माहीत नव्हतं. सोफ्यावर पडून तो मागे मागे गेला. पहिली बायको रतीबा, तिच्या वेळी सुई नव्हती. तेव्हा हात कापले होते का? तिचा चेहरा आठवला, तिच्या शिळ्या मेंदीचा वास आठवला, हात आठवेनात. त्याहून मागे, बारा वर्षांचा असताना पहिला गुलाब कोरून झाला आणि त्याला शिकवणाऱ्या उस्तानं पटाशी हातातून काढून घेतली, हात कापून ती धरवत नव्हती म्हणून. ती कसली साखर होती? आणि तो पहिला शुक्रवार, लग्नानंतरचा? तेव्हा जेवण झालेलं होतं की नव्हतं? माणूस आपल्या सुखाच्या दिवशी काय जेवला हे आठवायला बसतो, हीच एक शिक्षा.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई त्याच्या धाकट्या भाचीएवढी. त्यानं खूप घोळवून सांगितलं, "जरा श्रमाचं काम केलं होतं." तिनं कागदावरून डोळे न उचलता विचारलं, "कसलं श्रमाचं? पलंग उचलला?" तो म्हणाला, "उचलला नाही." मग तिनं डोळे उचलले, आणि हसली नाही, हे तो तिचं कधी विसरणार नव्हता. "उस्ता, शरीराला ते जिने चढण्यासारखंच आहे. साखर खर्च होते. तुम्ही सुई घेतली, जेवला नाहीत, सुईही मांडीत, आणि वर कढत पाणी. औषध दुप्पट वेगानं धावलं. आधी बोट टोचून बघायचं. आकडा कमी असेल तर आधी खायचं. उशाशी सरबत ठेवायचं. नंतरही बघायचं, कधीकधी साखर तासांनी उतरते. आणि घरच्यांना सांगायचं. तुमच्या खोलीत एकच माणूस असतं जे तुम्हाला वाचवू शकतं, आणि त्यालाच तुम्ही अंधारात ठेवलंत." मग तिनं लक्षणं सांगितली: थरथर, घाम, धडधड, डोकं हलकं. मुतवल्ली भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. ही यादी त्याला पाठ होती, फक्त दुसऱ्या नावाखाली.

"काय रे, गप्प झालास?" शलबी म्हणाला. आवाजात आता थोडी भीती होती. "मी आपली थट्टा केली."

"शलबी," मुतवल्ली म्हणाला, "अज्राईल-बिज्राईल सोड. ती गोष्ट खोटी होती. तुम्हाला मी मन्सूरा शहरातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. मी त्याच्यासाठी पलंग केला होता."

लोक खुर्च्यांवर सावरून बसले. आपल्या गावात स्वतःची लाज सांगायची तर ती दूरच्या कुणाच्या अंगावर घालून सांगतात, आणि ऐकणारे ती त्याच्याच अंगावर ठेवून ऐकतात. "या माणसाला साखरेचा आजार. नऊ वर्षं रोज सुई. त्यानं एका विधवेशी लग्न केलं. बाई कशी, तर तिच्या हातची भाकरी खाल्ली की आपण माणसांत आलो असं वाटावं. पण या गाढवानं तिला सुईचं सांगितलंच नाही. का? तर तिच्या डोळ्यांत पुन्हा भीती बघायची नव्हती म्हणे. हे तो म्हणायचा. खरं म्हणजे म्हातारा दिसायचं नव्हतं त्याला. एका शुक्रवारी दुपारी त्यानं सुई घेतली, आणि जेवायला उशीर होता..." तो थांबला. "पुढचं तुम्हाला सगळ्यांना बायका आहेत."

बदीर नखांकडे बघत राहिला.

"तर त्याला पाडलं ते सुईनं. रिकाम्या पोटानं. त्याच्या खोट्यानं. आणि वाचवलं कुणी? त्या बाईनं. उघड्या डोक्यानं धावली, इज्जत जिन्यावर टाकून. आणि मन्सूराच्या लोकांनी काय करावं? समोरच्या शादियाच्या लग्नाची गादी भरायला गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका बोलावल्या, गाणी म्हटली, कापूस उडवला, आणि तिला बोलावलं नाही, पांढऱ्या पायाची म्हणून. जिच्या पायानं मेलेला माणूस उठून बसला, तिला!"

समोरची शादिया दुमियातचीच होती, मन्सूराची नव्हे, आणि तिचा बाप तिसऱ्या टेबलावर बसला होता. त्यानं मान खाली घातली. मुतवल्लीच्या लक्षात आलं की आपले हात कापताहेत. पेला बशीवर वाजत होता. छाती ठोकत होती, मानेवरून घाम चालला होता. तीच यादी. त्यानं खिशातून ते छोटं यंत्र काढलं, सगळ्यांच्या समोर, आणि बोट टोचलं.

"हे काय?" बदीर म्हणाला.

"मन्सूराच्या माणसानं ठेवायला दिलंय."

यंत्र टिकटिकलं. एकशे चौतीस. त्यानं आकडा पाहिला, हात पाहिले, पुन्हा आकडा पाहिला. हात अजून कापत होते. उसळ पोटात, साखर जागेवर, आणि तरी हात कापत होते. म्हणजे कापायला आणखीही काही असतं. साठीतल्या म्हाताऱ्याला ही गोष्ट गुरुवारी सकाळी अकरा वाजता कहवाखान्यात कळावी! त्याला हसू आलं, आणि हसू आलं तशी जीभ मोकळी झाली, आपल्या जुन्या गल्लीत वळली, आणि या वेळी त्यानं तिला वळू दिलं.

"आता ऐका शेवट. बायको त्याच्यावर रुसली. त्याला विचारलं, तुमचे हात कापायचे ते माझ्यानं की साखरेनं? गाढवाला उत्तर येईना. पण गेल्या शुक्रवारी, गेल्याच बरं का, त्यानं सगळं नीट केलं. सुई पोटात घेतली, मांडीत नाही. बदक आधी, भरपेट. मग बायकोनं स्वतःच्या हातानं त्याचं बोट टोचलं. आकडा? एकशे चाळीस! तरी तिनं दोन खजूर भरवले. चोरकप्पा उखडून टाकला होता, सरबताचा पेला उशाशी राजासारखा उघडा. एक कसर म्हणून राहिली नव्हती. आणि गड्यांनो, एवढं सगळं करूनसवरून," त्यानं आपले दोन्ही हात वर धरले, उन्हात, सगळ्यांना दिसतील असे, "असे कापले! पानासारखे! साखर जागच्या जागी आणि हात असे! तेव्हा बायको त्याला म्हणाली..."

समोर धाडकन झडप उघडली. भिंतीवर आपटली, कबुतरं उडाली. इनशिराह खिडकीत कंबरेपर्यंत बाहेर आली होती, तोंड लाल, एक हात ओढणीवर.

"खोटं!" ती साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशी ओरडली. "साफ खोटं! गेल्या शुक्रवारी तो मन्सूराचा माणूस सोफ्यावर एकटा घोरत पडला होता! हा जो शुक्रवार सांगताहेत तो अजून यायचाय! उद्या आहे तो!"